पत्र्याचा डबा आणि सर्वो मोटर

रंगाचा पत्र्याचा डबा हातात घेऊन पाहा. अंगावर बारीक उभी शिवण दिसेल. तिथे पत्र्याच्या कडा मिलिमीटरहून कमी एकमेकींवर चढवून, तांब्याच्या तारेमार्फत वीज देऊन वेल्डिंग केलेलं असतं. असे डबे बनवणाऱ्या जुन्या यंत्रात एकच मोठी मोटर शाफ्ट, गिअर, साखळ्या आणि कॅममार्फत सगळे भाग हलवते. गिअर झिजले की ताळमेळ बिघडतो. डब्याचं माप बदललं की फिटरला पाने घेऊन बसावं लागतं. सर्वो पद्धतीत मुख्य हालचालींना स्वतंत्र मोटर असते. तिचा एन्कोडर क्षणोक्षणी स्थिती कळवतो, कंट्रोलर फरक दुरुस्त करतो. नव्या मापाची आकडेवारी पडद्यावर निवडता येते. साचे मात्र बदलावेच लागतात, आणि देखभालीला फिटरच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकारही लागतो.