घाटांतील थरथर

आयुर्वेदांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं एकाचें नांव उपशय. कोणत्या औषधानें, आहारानें वा आचरणानें रोग्यास बरें वाटतें, हें पाहून रोगाचें मूळ शोधावयाचें, असा त्याचा अर्थ. वेग वाढवितांना थरथरणाऱ्या मोटारीच्या बाबतींतही हेंच साधन फार उपयोगी पडतें. आणि नेमकें तेंच विसरलें जातें. गाडी थरथरते, एवढें सर्वांनाच कळतें. ती थरथर कशानें थांबते, हें मात्र फारसें कोणी पाहत नाहीं.

पनवेलचे एक सेवानिवृत्त गृहस्थ दर पंधरवड्यास पत्नीसह लोणावळ्यास जात. पत्नीची वृद्ध आई तेथें एकटी राहत असे. एका पावसाळ्यानंतर असें होऊं लागलें, कीं खोपोली मागें टाकून गाडी बोरघाट चढूं लागली म्हणजे तिचा पुढचा भाग अंगांत हींव भरल्याप्रमाणें कांपे. चाकांचा तोल बिघडला असेल म्हणून चाकें तोलून घेतलीं. त्यानेंही गुण येईना, तेव्हां दोन नवे टायर बसविले. निवृत्तिवेतनांतील पैसा गेला, थरथर राहिली. घाटांत चाक निखळलें तर काय, या धास्तीनें गृहस्थांनीं गाडी विकून टाकण्याचें ठरविलें. म्हातारीची पंधरवड्याची भेट आतां सणावारावर जाणार, हें दोघांनाही कळत होतें. बोलत मात्र कोणीच नव्हतें.

शेवटची म्हणून ठरलेल्या त्या फेरींत पत्नीच्या हातांत पाण्याचें भांडें होतें. चढावर पाणी हिंदकळत होतें. इतक्यांत पुढें एक मालमोटार आली, गृहस्थांनीं वेगाच्या पट्टीवरील पाय उचलला, आणि पाणी निवांत झालें. असें दोनदां झालें, तिसऱ्यांदा झालें. "अहो," त्या म्हणाल्या, "पाय उचललात कीं हें हलायचें थांबतं." परततांना उतारावर तर एक थेंबही सांडला नाहीं.

त्या भांड्यानें अर्धें निदान केलें होतें. चाकाचा तोल बिघडला असेल, तर थरथर वेगाशीं बांधलेली असते. बहुधा ताशीं 80 ते 100 किलोमीटरच्या दरम्यान सुकाणूचें चक्र कांपूं लागतें. मग पाय दाबलेला असो वा उचललेला असो. येथें तर चाकें तींच, रस्ता तोच, वेगही तितकाच. फरक फक्त इंजिन जोर लावतें कीं नाहीं, एवढाच. म्हणजे दोष जोर लावणाऱ्या इंजिनांत, किंवा तो जोर चाकापर्यंत पोंचविणाऱ्या भागांत.

या दोहोंतील निवड जाणत्या कारागिरानें सोप्या युक्तीनें केली. प्रथम चाकांच्या चाक्या घट्ट आहेत ना, हें त्यानें पाहिलें. त्या ढिल्या असतील तर गाडी हलवूंच नये. मग चढावर त्याच वेगानें एकदां तिसऱ्या व एकदां दुसऱ्या गिअरमध्यें गाडी चालविली. दुसऱ्या गिअरमध्यें इंजिनाचे फेरे वाढले, त्याचा आवाज चढला. पण थरथरीचा ताल बदलला नाहीं. तो ताल इंजिनाचा नव्हता, चाकाच्या फेऱ्यांचा होता. एखाद्या सिलिंडरमध्यें ठिणगी चुकत असती, तर संथ थरथरीऐवजीं अनियमित हिसके बसले असते. अशा वेळीं समोरचा इंजिनाचा दिवा उघडझाप करूं लागला, तर गाडी रेटूं नये; न जळलेलें पेट्रोल पुढें जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो व निकामी होतो.

कारागिरानें गाडी उचलली. उजव्या ॲक्सलच्या आंतल्या टोकावरील रबरी बूट फाटलेला, आणि वंगण सभोंवार उडालेलें! 1983 सालीं मारुति 800 आली, तेव्हांपासून आपल्याकडे पुढचीं चाकें ओढणाऱ्या गाड्या घरोघरीं झाल्या. ज्या चाकांनीं वळावयाचें त्यांनींच ओढावयाचें, म्हणून अशा प्रत्येक ॲक्सलला दोन सांधे असतात. गॅरेजमधील मंडळी त्यांस सी. व्ही. जॉइंट म्हणतात. बाहेरचा झिजला, तर पूर्ण वळण घेतांना कटकट असा आवाज येतो. आंतला झिजला, तर गाडी सरळ जातांनाच, जोर लावतांना थरथरते. बहुतेक लहान गाड्यांच्या आंतल्या सांध्यांत तीन रूळ तीन खांचांतून सरकतात. वंगण गेलें, धूळ-पाणी आंत शिरलें, म्हणजे त्या खांचांना खळगे पडतात. हलक्या हातानें रूळ त्यांवरून निघून जातात. पण जोर लागला कीं तेथें अडकतात, आणि प्रत्येक फेऱ्यास तीनदां ॲक्सल बाजूस ढकलतात. हीच ती थरथर.

नुसता बूट फाटला असतां वेळींच नवा बूट व नवें वंगण घातल्यानें भागतें. खळगे पडल्यावर मात्र वंगणाचा उपयोग नाहीं. सांधा बदलावाच लागतो. तो बदलला. त्यास दोन टायरांइतका खर्च आला नाहीं.

पुढच्या पंधरवड्यास गाडी पुन्हा बोरघाट चढली. पत्नीनें भांडें कांठोकांठ भरून हातीं धरलें होतें. खंडाळा आलें तरी तें तसेंच होतें. गाडी विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाहीं, आणि लोणावळ्यास म्हातारीला तो कधीं निघाला होता हेंही कळलें नाहीं.

गाडी थरथरूं लागली म्हणजे घरधनी प्रथम विचारतो, "कोणता भाग बदलूं?" त्याआधीं दुसरे प्रश्न विचारावे. थरथर केव्हां येते? कशानें जाते? पाय उचलल्यावर, वेग बदलल्यावर, कीं गिअर बदलल्यावर? या प्रश्नांना पैसा लागत नाहीं. आणि त्यांचीं उत्तरें घेऊन जो कारागिराकडे जातो, त्याच्या गाडीचे निर्दोष भाग सहसा बदलले जात नाहींत.