मेंदूच्या दारापाशी



मी होमिओपॅथ. जनुक-उपचारांवर बोलायला हा का उभा राहिला, असं तुम्हाला वाटेल. कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी शहापुरातल्या माझ्या दवाखान्यात एक जोडपं वर्षाचं बाळ घेऊन आलं. जरा ताप आला की त्याला झटके येत. "त्या गोळ्या बंद करतो, तुमच्या गोड गोळ्या द्या," वडील म्हणाले. मी हात जोडले. "बंद करू नका," म्हटलं आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. निदान झालं ड्रॅव्हे सिंड्रोम.

या आजारात बहुतेक मुलांच्या एससीएन-१-ए जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असते. मग चांगली प्रत पोहोचवावी; पण कशी? हमाल म्हणून बहुधा एएव्ही हा विषाणू वापरतात. त्याच्या पाठीवर सुमारे ४,७०० अक्षरं मावतात. या जनुकाचा मजकूरच सुमारे ६,००० अक्षरांचा. शिवाय शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, म्हणून दुसरा डोस अवघड.

म्हणून विषाणूवाचून वाहतुकीचा शोध. कोविडच्या काही लशींत आरएनए चरबीच्या सूक्ष्म कणांत घातला होता. असे कण शिरेतून दिले, तर बरेचसे यकृतच उचलतं. मेंदू दार उघडत नाही. १८८५ साली पॉल एर्लिक यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. इतर अवयव रंगले, मेंदू कोरा राहिला. १९१३ साली त्यांचे शिष्य गोल्डमान यांनी रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तेव्हा मेंदू रंगला. केशवाहिन्यांच्या घट्ट चिकटलेल्या पेशी, हीच ती भिंत.

आज तीन वाटा चाचपल्या जात आहेत. पाठीच्या मणक्यातून त्या पाण्यात औषध सोडणं. पेशींचं लोह आत घेणारं दार उघडेल अशी खूण कणांवर लावणं. आणि सूक्ष्म बुडबुडे व ध्वनिलहरींनी भिंत काही तास सैल करणं. पहिल्या वाटेनं २०१६ साली नुसिनर्सेन आलं, पण तो न्यूक्लिक आम्लाचा छोटा तुकडा आहे, अख्खं जनुक नव्हे. अख्खं जनुक विषाणूवाचून मेंदूभर नेण्याचं काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत, प्राण्यांवर चालू आहे.

म्हणून कुणी 'जनुकाचं औषध' विकायला आलं, तर पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारा: माणसांवर चाचणी झाली का? आणि ते मेंदूपर्यंत पोहोचतं कसं?

ते वडील दर दिवाळीला फराळ घेऊन येतात आणि विचारतात, "डॉक्टर, आलं का ते औषध?" मी म्हणतो, "अजून नाही. चालू आहेत त्या गोळ्या चुकवू नका." इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये यापेक्षा जड चिठ्ठी मी लिहिलेली नाही.