लॅपटॉपची वीजमर्यादा



बोईसर स्थानकावरून पश्चिमेला समुद्राच्या रोखानें गेलें कीं तारापूरचें अणुविद्युत्केंद्र लागतें. तेथील पहिलीं दोन संयंत्रें १९६९ सालीं चालू झालीं, तेव्हां प्रत्येकाची क्षमता २१० मेगावॅट ठरली होती. १९८० नंतरच्या दशकांत ती १६० वर आणण्यांत आली. अणुभट्टीचें सामर्थ्य सरलें म्हणून नव्हे. भट्टींतील उष्णता घेऊन दुय्यम वाफ तयार करणाऱ्या उपकरणांच्या नळ्या गळूं लागल्या, तीं उपकरणें बाजूला ठेवावीं लागलीं, आणि जितकी उष्णता वाहून नेतां येईल तितकीच निर्माण करणें भाग पडलें.

हा थोर दाखला एका लहानशा वस्तूसाठीं देत आहें. लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्डाचें फर्मवेअर बदलून त्याची वीजमर्यादा वाढवावी काय, असा प्रश्न संगणकावर खेळणाऱ्या तरुणांत वारंवार निघतो. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या कामासाठीं एका छोट्या स्मृति-चिपेंत साठवलेली आज्ञावली. जास्तींत जास्त किती वॅट घ्यावयाचे हा आकडा तींतच असतो. मौज अशी कीं एकच चिप निरनिराळे कारखानदार निरनिराळ्या मर्यादेनें विकतात. एन्व्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० ह्या लॅपटॉप-चिपेस ३५ पासून ११५ वॅटपर्यंत मुभा आहे. ज्यानें ८० वॅटचें यंत्र घेतलें त्याला वाटतें, माल तोच देऊन वर कुलूप घातलें! ही तक्रार सर्वस्वी खोटी नाहीं; कांहीं वेळां तें कुलूप बाजाराच्या सोयीसाठींच असतें.

परंतु तें काढणें सोपें नाहीं. २०१६ च्या पास्कल पिढीपासून कंपनीची अंकीय सही नसलेलें फर्मवेअर कार्ड स्वीकारीत नाहीं. म्हणून लोक दुसऱ्या एखाद्या यंत्राचें, अधिक मर्यादेचें व सहीचें फर्मवेअर आणून चढवतात. तें जुळलें नाहीं तर पडदा काळा! लॅपटॉपांत ही चिप बहुधा मुख्य पटलालाच झाळलेली असते, ती सुटी बदलतां येत नाहीं. मूळ आज्ञावलीची प्रत आधीं काढून ठेवली असेल तरच बाहेरच्या उपकरणानें ती पुन्हा लिहून घेण्याची आशा. हमीविषयीं तर बोलावयासच नको.

समजा, सारें सुरळीत पार पडलें. पदरांत काय पडतें? चिपेला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणांत आणि विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. आणि वेग वाढवावयाचा तर दाबही वाढवावा लागतो. म्हणजे स्थूलमानानें वीज वेगाच्या घनाप्रमाणें चढते. ८० चे ११५ वॅट केले तर वीज ४४ टक्के अधिक, वेग मात्र १३ टक्क्यांच्या आसपास. आतां उष्णता पाहा. ८० वॅटला चिप खोलीपेक्षां ४५ अंश अधिक तापत असेल, तर तेच पंखे व त्याच तांब्याच्या नळ्या ठेवून ११५ वॅटला ती ६५ अंश अधिक तापेल. मे महिन्यांत ३३ अंशांच्या खोलींत ही बेरीज ९८ होते. बहुतेक चिपा नव्वदी गांठण्यापूर्वींच आपण होऊन वेग उतरवतात. मग ते १३ टक्केही हातीं राहात नाहींत.

तोच सांगाडा, तेच पंखे व तोच अॅडॅप्टर असलेलें भावंड कंपनी स्वतः अधिक मर्यादेनें विकत असेल, तर ह्या प्रयोगाला कांहीं अर्थ आहे. एरवीं माझें मत उलट्या वाटेला पडतें. विद्युद्दाब किंचित् उतरवला तर तेवढ्याच वॅटांत थोडा अधिक वेग मिळतो. बऱ्याच यंत्रांत हें साध्या सॉफ्टवेअरनें साधतें, फर्मवेअरला हात लावावा लागत नाहीं.

आणि त्याहून आधीं पंख्यांतील धूळ काढावी, सुकलेला उष्णतावाहक लेप बदलावा, आणि पूर्ण भारावर अर्धा तास चालवून चिप किती अंशांवर स्थिरावते तें पाहावें. त्यांतून खोलीचें तापमान वजा केलें कीं वरचा हिशोब आपल्या यंत्रापुरता कोणासही मांडतां येईल.