उझी माशी आणि गांवची एकी
(रेशीम-उत्पादक शेतकऱ्यांच्या सभेंत केलेलें भाषण)



कपाशीवर कीड पडली तर ती बांधावरून चार शेजाऱ्यांना दिसते. रेशमाचें पीक मात्र चार भिंतींच्या आंत येतें आणि आंतच नासतें. अळ्या मरूं लागल्या कीं आपण दार लावून घेतों, लोक हंसतील म्हणून मेलेल्या अळ्या अंधारांत उकिरड्यावर ओततों, आणि नशिबाला बोल लावतों. कोणी म्हणतो नजर लागली. कोणी म्हणतो विटाळ झाला, आणि घरच्या बाईलाच शेडाबाहेर बसवितो. मी आपणांस स्पष्ट सांगतों, ही नजर नव्हे आणि विटाळही नव्हे. ही एक माशी आहे, आणि ती मारतां येते.

जपानी भाषेंत 'उजी' म्हणजे माशीची अळी. त्यावरून हिला उझी माशी म्हणतात. घरमाशीहून ही मोठी असते आणि पाठीवर चार काळ्या रेषा असतात. बंगालमध्यें ती फार जुनी रहिवासी. १९८० सालीं तिकडून आलेल्या कोषांबरोबर ती कर्नाटकांत शिरली. म्हणजे ती आपल्या पंखांनीं एवढी दूर आली नाहीं. माणसांनींच तिला पोत्यांत भरून आणलें. हें ध्यानांत ठेवा.

आतां तिचा धंदा ऐका. मादी रेशमाच्या मोठ्या अळीच्या अंगावर टांचणीच्या टोकाएवढें पांढरट अंडें चिकटविते. एक मादी अशीं सुमारें तीनशें अंडीं घालते. दोन-तीन दिवसांत अंडें फुटून माशीची अळी रेशमाच्या अळीच्या अंगांत शिरते. जेथें शिरते तेथें काळा डाग पडतो. आंत ती पांच ते आठ दिवस खाते आणि मग बाहेर पडते. अंडें लवकर पडलें असेल तर आपली अळी कोष करण्यापूर्वींच मरते. उशिरां पडलें तर कोष होतो, पण माशीची अळी त्याला भोंक पाडून निघते, आणि अशा कोषाचा धागा सलग उकलत नाहीं. महिनाभर पाला घातलेला फुकट जातो. बाहेर पडलेली अळी जमिनीच्या भेगेंत, रॅकखालीं, कचऱ्यांत दडून कोशांत जाते, आणि दहा-बारा दिवसांनीं तिची नवी माशी होते.

यावरून उपाय आपोआप समजतो. दारें-खिडक्यांना नायलॉनची जाळी लावा, आणि दाराबाहेर जाळीची लहान खोली करा, म्हणजे पाला आणतांना एक दार बंद झाल्यावरच दुसरें उघडेल. जमिनीच्या व भिंतींच्या भेगा बुजवा. पडलेल्या अळ्या आणि त्यांचे कोश रोज वेंचून साबणाच्या पाण्यांत बुडवा किंवा जाळा. पाण्यांत विरघळवून खिडकीशीं ठेवण्याच्या उझी-सापळ्याच्या गोळ्या मिळतात; माशी त्या पाण्यांत बुडून मरते. नेसोलिंक्स नांवाचा एक बारीक मित्रकीटक उझीच्या कोशांतच आपलीं अंडीं घालतो आणि तिचा वंश बुडवितो. पीक संपत आलें कीं तो शेडांत आणि खताच्या खड्ड्याशीं सोडावा. परंतु कपाशीवरचें औषध शेडांत कधींही फवारूं नका. रेशमाची अळी हाही कीटकच आहे. माशीआधीं तीच मरेल.

काळा डाग प्रथम कोणाला दिसतो? पाला घालणाऱ्या, बेड साफ करणाऱ्या बाईला. मग शिकवणीच्या वर्गाला मात्र पुरुष जातो, हा कोठला न्याय? जिचे डोळे पीक राखतात तिलाच ज्ञान प्रथम मिळालें पाहिजे.

आणि आतां मुख्य गोष्ट. एकट्यानें जाळी लावून भागत नाहीं. शेजारच्या उकिरड्यावर माशा निपजत असतील तर त्या बांध ओळखत नाहींत, जात ओळखत नाहींत, भाऊबंदकीही ओळखत नाहींत. गांवांत आज एकाच्या अळ्या, आठ दिवसांनीं दुसऱ्याच्या, असें चालू राहिलें कीं माशीची पंगत बारा महिने उठत नाहीं. म्हणून गांवानें अंडीपुंज एकाच वेळीं घ्यावेत, पीक एकाच वेळीं काढावें, मधें सर्वांनीं मिळून शेडें रिकामीं ठेवून धुवावींत, आणि बेडचा कचरा खड्ड्यांत टाकून मातीनें झांकावा. माशीला अन्न मिळालें नाहीं कीं तिची संख्या घटते.

कोणी म्हणेल, "मी गरीब, पैसा हातीं येईल तेव्हांच अंडीपुंज आणणार." हें खरें आहे, आणि म्हणूनच ही एकी वरवरची असून चालणार नाहीं. ज्याच्यापाशीं जाळीला पैसे नाहींत, त्याची जाळी गांवानें वर्गणींतून घालावी. हा धर्म नव्हे, स्वतःच्या पिकाची राखण आहे. त्याच्या उघड्या खिडकींतूनच आपलें नुकसान होतें.

शेवटीं एकच मागणें. माशी दिसली तर लपवूं नका. त्याच दिवशीं गांवाला सांगा. भोंकाचे कोष आणि त्यांतल्या अळ्या चांगल्या मालांत दडवून बाजारांत नेऊं नका. अशाच पोत्यांतून ही पीडा एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत गेली. सांगण्यांत लाज नाहीं. लपविण्यांत सर्वांचें नुकसान आहे.