खेजडलीचा स्तंभ आणि आपल्या धुऱ्यावरची तार

(राष्ट्रीय वन शहीद दिनाच्या निमित्तानं शेंदूरजनाघाट इथं गटांच्या मासिक सभेत झालेलं भाषण.)



वसुली झाली, कर्जाचे अर्ज झाले, आता पंधरा मिनिटं मला दिली आहेत. विषय जंगलाचा आहे. सकाळीच एका ताईनं विचारलं, "बाई, आपल्या बचतीचा अन् जंगलाचा काय संबंध?" संबंध आहे. तो आपल्या वावराच्या धुऱ्यापर्यंत येतो, म्हणूनच बोलायला उभी राहिले.

११ सप्टेंबर हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय वन शहीद दिन म्हणून पाळतात. जंगल आणि जंगलातला जीव राखताना ज्यांचा प्राण गेला, त्यांच्या आठवणीचा हा दिवस. हीच तारीख का, तर तिच्यामागं राजस्थानातल्या एका गावाची आणि एका बाईची गोष्ट आहे. त्या गावाचं नाव खेजडली. जोधपूरपासून पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर आहे. घरच्यांसोबत राजस्थानात जाणं झालं तेव्हा मी मुद्दाम तिथं गेले.

तिकडं ज्या झाडाला खेजडी म्हणतात, ती आपली शमी. त्या रेताड मुलखात हेच झाड सावली देते, ढोरांना पाला देते, आणि त्याच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी घरोघरी होते. १७३० साली जोधपूरच्या राजाला नवा महाल बांधायचा होता. चुना भाजायला लाकूड पाहिजे होतं. राजाची माणसं कुऱ्हाडी घेऊन या गावात आली. गाव बिश्नोई लोकांचं. गुरू जांभोजींनी त्यांना २९ नियम घालून दिलेले. हिरवं झाड तोडू नये, जिवांवर दया करावी, हे त्यातलेच. अमृतादेवी नावाची बाई पुढं आली आणि झाडाला मिठी मारून उभी राहिली. झाडाच्या आधी तिच्यावर कुऱ्हाड चालली. मग तिच्या तीन लेकी, आसू, रत्नी आणि भागू, तशाच उभ्या राहिल्या. बातमी पसरली तशी आजूबाजूच्या गावांतून माणसं येत गेली. ३६३ जणांचा जीव गेला तेव्हा राजाला खबर लागली आणि तोड थांबली. पुढं राजानं ताम्रपट लिहून दिला, की बिश्नोई गावांच्या हद्दीत झाड तोडायचं नाही आणि शिकारही करायची नाही.

आज तिथं स्मारकाचा स्तंभ आहे, मंदिर आहे, शमीची झाडं आहेत. दरवर्षी भाद्रपद शुद्ध दशमीला मोठी जत्रा भरते. मला स्तंभापेक्षा जास्त काय लक्षात राहिलं सांगू? त्या भागात हरणं वावरांतून बिनधास्त फिरतात. लोक आपल्यासारखेच शेतकरी. हरीण त्यांचंही पीक खातेच. पण शिकारी आला की गावच त्याच्या मागं लागते. १९९८ सालचं काळवीट शिकारीचं प्रकरण तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. एवढा मोठा सिनेनट, पण गावकरी साक्षीपासून हटले नाहीत. वीस वर्षांनी, २०१८ मध्ये, जोधपूरच्या न्यायालयानं ५ वर्षांची शिक्षा सुनावली. त्यावर अपील झालं, ते कोर्टाचं काम. गावानं वीस वर्षं दम धरला, हे आपण शिकायचं.

कोणी म्हणेल, ती जुन्या काळची गोष्ट, तीही परमुलखातली. तर आता आपल्या विदर्भातली सांगते. २० नोव्हेंबर २०२१. ताडोबाच्या जंगलात स्वाती ढुमणे नावाची वनरक्षक बाई सकाळी तीन सहकाऱ्यांना घेऊन पायी निघाली. देशभराच्या व्याघ्रगणनेचं काम होतं. पायाचे ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे पाहायचे आणि लिहून घ्यायचे. वाटेत पुढं वाघीण बसलेली दिसली. त्यांनी थांबून वाट पाहिली, मग बाजूनं वळसा घेऊन जायला निघाल्या. वाघिणीनं तिलाच गाठलं. घरी नवरा आणि लहान लेक होती. त्या गणनेचा आकडा पुढं जाहीर झाला, महाराष्ट्रात ४४४ वाघ. २००६ साली हाच आकडा १०३ होता. आपण पेपरात आकडा वाचतो आणि पान उलटतो. पण प्रत्येक आकड्यामागं कोणीतरी पायी चाललेलं असते.

आता अजून जवळ येते. आपल्या वरुडला लागून वर्धा जिल्ह्याचा आष्टी तालुका, त्याच्या पलीकडं कारंजा. २०१७ साली ब्रह्मपुरीकडून पकडलेली एक वाघीण बोरच्या जंगलात आणून सोडली. तिच्या हल्ल्यात माणसं गेली होती, तिला गोळी घालायचा हुकूमही निघाला होता. शेकडो किलोमीटर ती फिरली. बंदुकीवाले मागं, कॅमेरे मागं, पण ती काही सापडली नाही. शेवटी १४ ऑक्टोबरला कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरी शिवारात ती मेली. कशानं? डुकरांसाठी वावराला लावलेल्या करंटच्या तारेनं.

बायांनो, शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बंदूक येते, लोखंडी सापळा येतो. तशी शिकारही होते. आपल्या मेळघाटात २०१३ साली वाघांच्या शिकारीचं प्रकरण उघडकीला आलं, आणि तपास थेट राज्याबाहेरच्या व्यापाऱ्यांपर्यंत गेला. पण आपल्या शिवारात जी शिकार होते ती बहुतेक तारेनं होते, आणि ती लावणारा कोणी परका नसतो. तो आपला नवरा असतो, पोरगा असतो, दीर असतो.

त्याचं दुःख मला माहीत आहे. तूर भरात आलेली, एका रात्रीत डुकरं लोळवून जातात. हरभरा रोही साफ करते. संत्र्याच्या बागेत ठिबकच्या नळ्या उकरून ठेवतात. माणूस रात्र रात्र जागल करते आणि सकाळी पुन्हा कामाला लागते. मग कोणीतरी सांगते, खांबावरून आकडा टाक, एक तार ओढ, झालं काम. म्हणून मी कोणाच्या घरच्या माणसाला इथं दोष द्यायला उभी नाही. पण तार माणूस ओळखत नाही, एवढं सांगायला उभी आहे.

घरातला करंट २३० व्होल्टचा असते आणि तो सलग वाहत राहते. हात लागला की अंग आखडते, सोडवता येत नाही. पहाटे मोटार चालू करायला कोण जाते? आपला माणूस. गवताचा भारा घेऊन धुऱ्यानं कोण येते? आपण. शेजारची बकरी, गावचं पोरगं, कोणीही त्यात सापडू शकते. तारेनं माणूस गेला तर लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागते, वीजचोरीचा वेगळा. आणि वाघ किंवा बिबट गेला, तर वन्यजीव संरक्षण कायद्यानं ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. डुक्कर मेलं तरी तो गुन्हाच आहे. घरचा कर्ता तुरुंगात गेला तर गटाचा हप्ता कोण भरणार, याचा हिशेब आपण सगळ्या करू शकतो.

मग करायचं काय? नुसतं "तार काढा" म्हणून पीक वाचत नाही. पहिली गोष्ट, झटका मशीन. सौर पॅनल आणि बॅटरीवर चालणारं कुंपण. त्याचा झटका मोठा असते, पण क्षणभराचा. लागते, सुटते, पुन्हा लागते. जनावर दचकून मागं फिरते, मरत नाही. एक लक्षात ठेवा, त्या मशीनच्या तारेला घरची लाईन जोडली की तीही मारकीच तार झाली. जंगलालगतच्या संवेदनशील गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, त्याला वरची मर्यादा आहे. आपलं गाव यादीत आहे का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा. एकटीनं नका जाऊ, गटानं जा. शेजारशेजारच्या चार वावरांना मिळून कुंपण केलं तर खर्चही वाटला जाते.

दुसरी, नुकसानभरपाई. पीक खाल्लं तर तीन दिवसांच्या आत वनविभागाकडं अर्ज गेला पाहिजे. ढोर मारलं तर ४८ तासांच्या आत कळवा आणि पंचनाम्याआधी मेलेलं जनावर हलवू नका. पैसे हातात यायला उशीर लागते, रक्कमही नुकसानीएवढी वाटत नाही, हे खरं आहे. पण अर्जच केला नाही तर सरकारच्या कागदावर आपलं नुकसान झालंच नाही. सातबारा, आधार, पासबुक यांच्या झेरॉक्स आपण कर्जासाठी ठेवतोच. तशाच एका पिशवीत यासाठीही ठेवा. ज्या ताईला लिहिता येत नाही तिचा अर्ज गटाच्या लेखनिकेनं भरून द्यावा.

तिसरी, फोन. सापळा दिसला, फासा दिसला, जिवंत तार दिसली, किंवा अनोळखी माणसं वाघाची, बिबट्याची वाट विचारत फिरताना दिसली, तर वनविभागाचा १९२६ हा नंबर फुकट आहे. वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून घ्या. आणि रानडुकराचं, सशाचं मटण कोणी स्वस्तात घरी आणलं, तर ते कुठून आलं हे चूल पेटवायच्या आधी विचारा.

अमृतादेवीला जीव द्यावा लागला. आपल्याला कोणी तसं मागत नाही. आपल्याला घरी जाऊन एक गोष्ट विचारायची आहे, "आपल्या धुऱ्यावर तार आहे का?" उत्तर हो आलं तर भांडू नका. पुढच्या बैठकीत सांगा, तुमचं नाव आपण बाहेर जाऊ देणार नाही. गट अंतर्गत कर्जातून झटका मशीनला पैसे देईल, असा ठराव मी आज मांडते. रब्बीचा हरभरा उगवायच्या आत ज्या वावरांत तार आहे ती निघाली पाहिजे.

ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करा, आणि सचिवताई, ठराव वहीत लिहून घ्या.