मातीच्या हवाली



काळ्या जमिनीच्या शेतकऱ्यास मातीचा एक गुण पुरता ठाऊक असतो. वैशाखात जिच्या भेगांत हात जातो, तीच जमीन मृगाचा पाऊस झाला की फुगते आणि भेगा आपोआप मिटतात. मातीच्या याच गुणावर फ्रान्समधील एका मोठ्या कामाची भिस्त आहे. अणुवीज केंद्रांमुळे निर्माण होणारा अतितीव्र किरणोत्सारी कचरा जमिनीखाली सुमारे ५०० मीटर खोल, चिकणमातीच्या खडकात कायमचा ठेवण्याची ही योजना होय.

या कचऱ्यातील काही द्रव्ये दीर्घायुषी आहेत. प्लुटोनियम-२३९ निम्मे होण्यास सुमारे २४,००० वर्षे लागतात. इतका काळ अखंड पहारा देईल असे राज्य आजवर झालेले नाही. यास्तव पहारा माणसाऐवजी खडकावर सोपवावा, हा योजनेचा मूळ विचार.

ईशान्य फ्रान्समधील ब्यूर या खेड्याजवळचा हा खडक सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या गाळापासून बनला. त्यातून पाणी अत्यंत सावकाश झिरपते. अनेक किरणोत्सारी द्रव्ये मातीच्या सूक्ष्म कणांना चिकटून राहतात. आयोडीन मात्र चिकटत नाही; म्हणून त्याची वाट शक्य तितकी लांब ठेवणे हेच रचनाकारांचे मुख्य कौशल्य ठरते. थर आडवा पसरलेला असल्याने साठवणीचे बोगदेही थराच्या मध्यभागी आडवेच योजले आहेत. त्यामुळे वर व खाली खडकाची पुरेशी जाडी राहते.

कचरा प्रथम काचेत मिसळून पोलादी पात्रांत बंद केला जातो. त्याच्या उष्णतेने खडक ९० अंश सेल्सियसपेक्षा अधिक तापू नये, अशा बेताने बोगद्यांत अंतर राखावयाचे असते. खोदकामामुळे भोवतालच्या खडकास भेगा पडतात. परंतु पाणी परत मुरले की माती फुगून त्या मिटू लागतात. शेवटी उकरलेल्याच मातीने बोगदे भरून मोक्याच्या जागी बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीची बुचे बसवावयाची आहेत. काळ्या जमिनीस फुगविणारी खनिजे व बेंटोनाइटमधील खनिजे एकाच कुळातील होत. पोलाद गंजून निर्माण होणाऱ्या हायड्रोजन वायूचा दाबही हिशेबात धरावा लागतो.

तथापि, केवळ खडकाची संमती पुरेशी नाही. २०१३ साली या विषयावर जाहीर चर्चा योजिली असता विरोधकांनी सभा होऊ दिल्या नाहीत. पुरलेला कचरा नजरेआड होतो, नाहीसा होत नाही, ही त्यांची तक्रार गैर म्हणता येणार नाही. २००६ च्या कायद्याने किमान १०० वर्षे हा साठा परत बाहेर काढता यावा, असे बंधन घातलेच होते. जाहीर चर्चेनंतर, २०१४ मध्ये, प्रारंभी चाचणीचा टप्पा घेण्याचे संबंधित संस्थेने मान्य केले. बांधकामाच्या परवानगीसाठी तिने जानेवारी २०२३ मध्ये अर्ज दाखल केला.

आज दिवा लावणाऱ्याने उद्याच्या अनोळखी माणसाची काळजी वाहावी, ही अपेक्षा नवी नाही. आपण लावलेल्या आंब्याची फळे आपणास मिळतीलच असे नाही, हे जाणूनही माणूस झाड लावतो. येथे तर वारशात फळ नसून धोका आहे. म्हणूनच, या जागेची आठवण पुसली गेल्यावरही ती निर्धोक राहील काय, या एकाच कसोटीवर या कामाची पारख झाली पाहिजे.