हृदयविकार आणि दांपत्यजीवन



आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाने बोनस आणि महागाई यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. पण आज आम्ही हृदयविकार झालेल्या माणसाच्या दांपत्यजीवनाविषयी बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही, शाळा सातवीपर्यंतच. सांगणार आहोत ते आधी भोगून, मग वाचून आणि जाणत्यांना विचारून समजलेले आहे.

काही वर्षांपूर्वी आम्हाला हृदयविकाराचा झटका आला. इस्पितळातून निघताना हाती एक कागद मिळाला. मीठ कमी, तंबाखू बंद, रोज चालणे, गोळ्या वेळेवर, सारे त्यात होते. पण पतिपत्नींनी एकत्र यावे की नाही, याविषयी अवाक्षर नव्हते. मालकांशी तासन् तास भांडणारे आम्ही, पण हा प्रश्न विचारायला जीभ रेटेना. घरी आल्यावर अंथरूण बाहेरच्या खोलीत घातले. मंडळींना वाटे, आपलेच काही चुकले. आम्हाला वाटे, आपण मरू. असे सात महिने गेले. आणि त्याच दिवसांत आम्ही दोन जिने चढून युनियनच्या कचेरीत रोज जात होतो!

अखेर एका तपासणीच्या वेळी मंडळींनीच डॉक्टरांना विचारले, "ह्यांनी वेगळेच निजायला हवे का?" डॉक्टर आम्हाला म्हणाले, "जिना चढताना छातीत दुखते? धाप लागते?" आम्ही म्हटले, "नाही." "मग भीती कसली?"

श्रम मोजण्याचे 'मेट' नावाचे एक माप आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाला १ मेट लागतो. समागमाला साधारणपणे ३ ते ५. म्हणजे भरभर चालावे किंवा दोन जिने चढावेत, एवढेच श्रम. अमेरिकेत १९९६ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. पूर्वी झटका येऊन गेलेल्या माणसाला एखाद्या तासात पुन्हा झटका येण्याचा संभव दहा लाखांत १० धरला, तर समागमानंतर तो २० होतो, असे तीत दिसले. दुप्पट म्हटले की धडकी भरते. पण दहा लाखांत वीस! आणि नियमित व्यायाम करणाऱ्यांत ही वाढ फारच कमी आढळली.

मात्र प्रत्येकाने उद्यापासून निर्धास्त व्हावे, असे आम्ही म्हणत नाही. बसल्या जागी छातीत दुखत असेल, हृदय अशक्त होऊन धाप व सूज वाढत असेल, ठोक्यांची अनियमितता आटोक्यात नसेल, तर आधी उपचार, मग बाकीचे. बायपास झाली असेल, तर छातीचे हाड भरून येईपर्यंत ६ ते ८ आठवडे थांबावे. मध्येच छातीत दुखू लागले, तर तिथेच थांबावे आणि दुखणे न राहिल्यास तडक इस्पितळ गाठावे. लाजेपायी सकाळची वाट पाहू नये.

आणखी एक धोका आहे, तो औषधांचा. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती नायट्रेटची गोळी आणि पुरुषत्वासाठी घेतात ती सिल्डेनाफिलसारखी गोळी, यांची गाठ पडली तर रक्तदाब एकदम कोसळून प्राणावर बेतते. अशी गोळी चोरून आणू नये. घेतली असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये. आणि रक्तदाबाच्या गोळीनेच कमजोरी आली, अशा शंकेने ती परस्पर बंदही करू नये.

र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले आणि असे विषय उघड बोलल्याबद्दल खटलेही सोसले. इतक्या वर्षांनंतर आपण डॉक्टरांच्या खोलीत, दार लावलेले असतानाही, एक प्रश्न विचारू नये काय?

मागणी केल्याशिवाय भाषण संपवण्याची आम्हाला सवय नाही. आमची मागणी एवढीच की, इस्पितळाच्या त्या कागदावर एक ओळ वाढवावी आणि ती पतिपत्नी दोघांना समोर बसवून समजावून सांगावी. ती ओळ नसेल, तर आपण ती मागून घ्यावी. आमचे सात महिने गेले. आपला एक दिवसही जाऊ नये.